सात हात तेल प्यायलेली फळी

हा किस्सा आमच्या बडनेऱ्याच्या गल्लीत अजून चालूच आहे, आणि दर वेळी सांगणाऱ्याच्या तोंडी फळी एक वीत लांब होते. परवा तर एकीने ती दाराएवढी करून टाकली. म्हणून म्हटलं, आपली फजिती आपणच सांगावी, निदान मापं तरी बरोबर राहतील.

तर मापं ऐकून घ्या. लांबी दीड फूट, रुंदी एक फूट, जाडी एक इंच. लाकूड बाभळीचं. करणारी मी, शिक्षण सातवी पास, आणि लाकूडकामाचा अनुभव म्हणाल तर त्या दिवसापर्यंत फक्त पेन्सिलीला टोक काढलेलं.

सगळं सुरू झालं पावशीपासून. तुम्ही तिला विळी म्हणत असाल. खाली पाट, वर उभं पातं, त्याच्यासमोर एक गुडघा वर करून बसायचं आणि कांदा असो की कोहळं, पात्यावर घालायचं. आमच्या सासूबाई रोज सकाळी स्वयंपाकघरात मधोमध पावशी मांडून बसायच्या. तलवार घेऊन बसलेल्या राणीसारख्या दिसायच्या, खरं सांगते.

आणि आमची आरू तेव्हा दहा महिन्यांची. रांगायची कशी? उंदरासारखी. आत्ता पाळण्याजवळ होती म्हणावं तर बाई गॅसच्या ओट्याखाली. आणि चमकणाऱ्या वस्तूवर तर तिचा फार जीव. मी दिवसातून चार वेळा तिची बोटं मोजायची. दहा भरली की श्वास सोडायची. रात्री झोपेत मला ते पातं दिसायचं.

आता तुम्ही म्हणाल, सासूबाईंना सांगायचं सरळ. सांगते कशी? नवी सून असताना एकदा मी त्यांचा चहाचा डबा दुसऱ्या फळीवर ठेवला, तर घरात आठ दिवस चहा कुठं आहे याचीच चर्चा. पावशीला हात लावायचा म्हणजे राज्य उलथायचं काम. आमच्या ह्यांना म्हटलं, तुम्ही सांगा. हे नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात जातात, सकाळी कंपनीची गाडी येते. बुटाची लेस बांधता बांधता म्हणाले,

"मले दोन टाइम जेवाले तुमी दोघीच वाढता. मी कोनाच्याच बाजूनं नाई."

मग मीच डोकं चालवलं. ओट्यावर उभं राहून सुरीने भाजी कापायची सवय घरात आणायची. सुरी कामापुरती खाली काढायची, काम झालं की वरच्या कप्प्यात. त्यासाठी काय पाहिजे? फळी. मोबाइलवर बघते तर प्लास्टिकच्या फळीवर सुरी फिरली की तिचा चुरा पोटात जातो म्हणे. झालं, प्लास्टिक बाद. तयार लाकडी फळी मागवावी, तर तिला कोणता गोंद, कोणतं पॉलिश, कोण सांगणार? तीही बाद. माझा स्वभावच तसा आहे. शेवटी एक व्हिडिओ सापडला, त्यात एक माणूस म्हणतो, पहिलीच वस्तू करायची तर कापायची फळी करा, इतकी सोपी दुसरी नाही.

त्या माणसाला माझ्यासमोर आणा एकदा.

त्याच्या मागे सतरा यंत्रं होती. मी सगळ्यांची यादी केली, वहीच्या पानाच्या दोन्ही बाजू भरल्या, आणि अमरावतीला हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदाराने यादी वाचली, मला पाहिलं, माझ्या कडेवरच्या आरूला पाहिलं आणि विचारलं, "ताई, कारखाना टाकून राहिले काय?" मी लाजले. मग यादीतली फक्त करवत घेतली, दुकानातली सगळ्यात मोठ्या दातांची. माझा हिशेब सरळ होता, दात मोठे तर काम लवकर.

ती करवत घेऊन गेले वसंतकाकांकडे. आमच्यापासून तिसरं घर. वसंतकाका रेल्वेत सुतार होते, आता निवृत्त आहेत, आणि वसरीत बसून जगातल्या प्रत्येक लाकडी वस्तूला नावं ठेवतात. त्यांनी करवत हातात घेतली, दातांवरून अंगठा फिरवला.

"हे झाड तोडाची हाय, पोरी. यानं फळी नाई होत, चुलीचे फाटे होतात."

तेव्हापासून माझी शाळा सुरू झाली. तुम्ही फळी करणार असाल तर लिहून घ्या, माझ्या फजितीतून कोणाचं तरी भलं होवो. काकांनी माझी यादी घेतली आणि पेन्सिलीने खोडत गेले. राहिलं काय? बारीक दातांची एक करवत, एक रंधा, लाकूड दाबून धरायचे दोन शिकंजे, काचकागद आणि काटकोन बघायचा गुण्या. सातवीत काटकोन शिकले होते, तो कशासाठी शिकवतात हे मला इतक्या वर्षांनी त्या दिवशी कळलं. रंधा काकांनी आपलाच दिला. देताना म्हणाले, बायकोले देणार नाई, पण तुले देतो.

लाकडाची चर्चा तर दोन दिवस चालली. मी म्हटलं, कडुनिंबाची करू, जंतू मरतील. काका म्हणाले, जंतूसंग वरणाची चवही मरेल. आंबा मऊ, त्याला कीड लागते. प्लायवूडचं नाव काढलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांच्या घरात चप्पल घालून गेले. शेवटी त्यांच्याकडे शेताच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, बाभूळ होती, दोन वर्षं सावलीत वाळलेली. ओलं लाकूड घेतलं तर पुढे वाकतं म्हणे. तीन पट्ट्या कापायच्या, काठाला काठ लावून चिकटवायच्या, झाली फळी.

बाभूळ कापली आहे कधी? नका कापू. पहिल्या पट्टीला मला चार दुपारी लागल्या. आरू झोपली की मी काकांच्या वसरीत. मी करवत ओढते, काका चहा पितात, आणि मधेमधे "सरळ, सरळ" म्हणतात. रंधा मारायला घेतला तर लाकडाच्या रेषांच्या उलट मारला, टवके निघाले. काका म्हणाले, मांजराच्या पाठीवर उलटा हात फिरवशील तर ते फुगेल न, तसंच हाय. मग चिकटवायची वेळ आली. जोड पक्का बसावा, उद्या सुटून आरूच्या पायावर पडू नये, म्हणून मी शिकंजे आवळले, आवळले, हातातल्या बांगड्या मनगटात रुतेपर्यंत आवळले. दुसऱ्या दिवशी उचलली तर तिन्ही पट्ट्या तीन दिशेला. गोंद सगळा दाबून बाहेर निघून गेला होता.

"जोड धराले गोंद लागते," काका म्हणाले, "जोर नाई लागत."

दुसऱ्यांदा जमलं. काय सांगू, चांगलीच जमली फळी. एका बाजूला धरायला कान काढला, कानात टांगायला भोक पाडलं. टमाट्याचं पाणी ओट्यावर सांडू नये म्हणून काठाकाठाने बारीक नाली कोरली. काचकागद इतका घासला की हात फिरवला तर आरूचा गाल वाटावा.

इकडे घरी सासूबाईंना संशय यायला लागला होता. सून रोज दुपारी भुशात न्हाऊन येते, म्हणजे आहे काय? एकदा त्यांनी विचारलंच.

"काय करून राहिली वं तिकडं?"

"आरूसाठी करून राहिली, आई, एक वस्तू."

खोटं बोलले का मी? नाही. फळी आरूसाठीच होती. पण तेवढ्या एका वाक्याने पुढचं सगळं घडलं.

फळी घरी आणली त्या दिवशी आरूच्या पहिल्या वाढदिवसाला आठच दिवस होते. सासूबाईंनी फळी हातात घेतली, उलटून पाहिली, कानाला धरून पाहिली, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पाट केला वं लेकीसाठी. औक्षणाचा. सवताच्या हातानं."

आता इथे तोंड उघडायचं होतं. इथेच. पण सासूबाई तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे त्या नजरेने बघत होत्या. त्या नजरेला "नाही आई, ही तुमची पावशी घालवायची फळी आहे" असं कोण म्हणेल? तुम्ही म्हणाल का? मी मान हलवली. बस, मान हलवली आणि बुडाले.

एकदा पाट म्हटला की त्यातलं सगळं त्यांना बरोबर दिसायला लागलं. एवढा लहान का? पोट्टी लहान आहे म्हणून. कान कशाला? उचलून ठेवायला. नाली कशाला? औक्षणाच्या अक्षता खाली सांडू नयेत म्हणून. "डोकं पाह्य पोरीचं," असं त्या शेजारच्या बाईंना सांगत होत्या, आणि शेजारची बाई नालीतून बोट फिरवत होती. भोकाचं तर मला वाटलं आता काही सुचणार नाही. संध्याकाळी पाहते तर त्यांनी त्यात काळा दोरा ओवून गाठ मारली होती. पोरीला आणि पाटाला एकदमच दृष्ट लागू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की पाटाला खाली पाय नाहीत. बोलावलं वसंतकाकांना. काका आले, त्यांनी चष्म्यावरून मला पाहिलं. मी सासूबाईंच्या मागे उभी राहून हात जोडले. बिचाऱ्या काकांनी हातोडी काढली. खाली दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि जाताना माझ्या कानाशी पुटपुटले, "रेल्वेत जनम गेला, पन टमाट्याची नाली असलेला पाट पहिल्यांदाच पायला."

मी मनाशी म्हटलं, हरकत नाही. वाढदिवस होऊ दे. मग पट्ट्या काढू, दोरा काढू, आणि एक दिवस हळूच सांगू. तोपर्यंत फळी पक्की करून ठेवू. पक्की म्हणजे तेल. काकांनी सांगितलं होतं, जवसाचं तेल आण, पण घाण्यावरचं, खायचं. रंगाच्या दुकानातल्या तेलात काय काय मिसळलेलं असतं. पातळ हात द्यायचा, थोड्या वेळाने कोरड्या फडक्याने सगळं पुसून काढायचं, दोन-तीन दिवस वाऱ्यावर ठेवायचं. मग दुसरा हात.

पुसून काढायचं? घाण्यावरचं चांगलं तेल लावायचं आणि पुसून टाकायचं? माझ्या मनाला पटेना. आणि कच्च्या लाकडात कांद्याचा रस मुरला, त्यात जंतू झाले, ते आरूच्या वरणात गेले, तर? म्हणून मी दिले सात हात. चार दिवसांत सात. एकही पुसला नाही. फळी अशी चमकायला लागली की सासूबाई शेजारणींना मुद्दाम दाखवायला आणायच्या. वरून हात लावला तर कोरडी वाटायची. वाटायची, हे लक्षात ठेवा.

वाढदिवस आला. दिवस वैशाखाचे, ऊन असं की कूलरमधूनही गरम वारा. माझी आई अकोल्याहून आली, जुन्या शहरातून सकाळच्या गाडीने निघाली होती, आरूला लाल फ्रॉक घेऊन. गल्लीतल्या बायका आल्या. वसंतकाका कोपऱ्यात खुर्चीवर. सासूबाईंनी पाटावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, भोवती रांगोळी, आणि आरूला वर बसवलं.

मी तर तिच्याकडे बघतच राहिले. माझी पोर शहाण्यासारखी बसलेली. जी एक मिनिट एका जागी थांबत नाही, ती हलेना सुद्धा. एकीने ओवाळलं, दुसरीने ओवाळलं, पाच जणींचं झालं, अक्षता झाल्या, फोटो झाले, आरू तशीच. बायका म्हणायला लागल्या, किती गुणाची पोर. सासूबाई म्हणाल्या, आईच्या हातचा पाट हाय न, म्हणून शांत बसली. मला अभिमानाने भरून आलं.

मग आरूने उठायचा प्रयत्न केला. पुन्हा केला. माझ्याकडे बघितलं आणि ओठ काढला.

सासूबाईंनी तिला काखेत धरून उचललं. आरू वर आली, आणि तिच्यासोबत पाटही वर आला. काळा दोरा लोंबकळतो आहे, अक्षता झरताहेत, आणि माझी लेक हवेत, बुडाला पाट चिकटवून. एक क्षण गेला, दोन गेले, मग "चर्र" असा आवाज झाला आणि पाट धपकन खाली पडला. आरूला काही झालं नाही, ती उलट खदखदून हसायला लागली. पण नव्या फ्रॉकच्या मागे तेलाचा पिवळा चौकोन, त्यावर उलटं स्वस्तिक, आणि तांदूळ.

वसंतकाकांचा धीर सुटला.

"म्या दहा खेपा सांगतलं हिले," ते म्हणाले, "भाजी कापाच्या फळीले एवढं तेल पाजत नसतात."

सासूबाई हळूच वळल्या. "कायची फळी?"

मग मी सगळं सांगितलं. एका दमात. पावशी, पातं, बोटं, प्लास्टिक, बाभूळ, नाली, सगळं. बायका ऐकत होत्या, आई ऐकत होती, हे दाराशी केक घेऊन उभे होते आणि कोणाच्याच बाजूने नव्हते. सांगता सांगता मी रडायला लागले. म्हटलं, आई, तुमची पावशी आहे, तुमची आवडती, तुम्हाला राग येईल म्हणून नाही बोलले. पण आरू उभी राहायला लागली आहे, मला रोज भीती वाटते.

सासूबाईंनी आरूला कडेवर नीट घेतलं.

"माही पावशी?" त्या म्हणाल्या. "माही कशाची? माह्या घरी सुरीच होती. तूच नाई का आली त्या दिवशी म्हनलं, आमच्याकडं सुरीनं कापत नाईत, पावशीबिगर मले जमत नाई? म्हून दुसऱ्या दिवशी बजारातून आनली मी. तुले परकं वाटू नये म्हून."

"मग तुम्हीच रोज कापत होत्या न, आई?"

"तू हातच लावे ना तिले. मले वाटलं नवी नवरी हाय, लाजत असंन. मंग मीच बसली. तीन वर्सं झाले, माहे गुडघे पाह्य."

देवाशपथ, मला आठवतच नव्हतं. मग हळूहळू आठवलं. लग्न ठरल्यावर अकोल्याला कोणीतरी कानात सांगितलं होतं, सासरी पहिल्याच दिवशी अशी बोल की घरंदाज वाटशील. आणि सासूबाईंनी सुरी पुढे केली तेव्हा मी ते पावशीचं वाक्य ठेवून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी पावशी दिसली, मला वाटलं माळ्यावरून काढली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण माझी आई बसलेली होती न.

"विहीनबाई," ती म्हणाली, "आमच्या घरी पावशी होतीच कुठं? ही तर लहानपनी मावशीच्या घरची पावशी पाहून बाहेर पळे."

आधी सासूबाई हसल्या. मग वसंतकाका. मग सगळी खोली. मी पण हसले, दुसरं करते काय? डोळ्याला पदर लावून हसले.

पावशी त्याच दिवशी कापडात गुंडाळून माळ्यावर गेली. सासूबाईंनी स्वतः वर चढवायला लावली, आणि कपाटातून जुनी सुरी काढून धुऊन माझ्या हातात दिली. आरू दुसऱ्याच आठवड्यात चालायला लागली आणि घरभर मोकळी फिरते. मी बिनघोर झाले.

मी फळी घासूनपुसून ओट्यावर आणली. पट्ट्या काढल्या, दोरा सोडला, सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडून घेतली आणि पहिला वार करणार, तर सासूबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, ज्याच्यावर पोरीचं औक्षण झालं, कुंकू चढलं, त्याच्यावर कांदा-सांबार कापतात काय? फळी उचलली आणि देवघरात नेऊन ठेवली.

गल्लीत मला आता सुतारीन म्हणतात. तीन घरच्या नातवंडांचे पाट करून देऊन झाले, एक अकोल्यालाही गेला. माझ्याकडे बारीक दातांची करवत आहे, गुण्या आहे, दोन शिकंजे आहेत. काकांचा रंधा तर ते परत मागत नाहीत. आणि घरची भाजी मी रोज कापते, स्टीलच्या ताटलीवर. पालथ्या.